सोडलेला कागद

आमणापूरच्या पतसंस्थेत, ठेवीच्या काउंटरमागं
अजून टांगलंय मुल्लासरांचं ते चित्र.
हातात टोकन, नंबर एकोणतीस.
पंखे बंद. पौष चालू आहे.

क्षितिज वरच्या तिसऱ्या हिश्श्यात,
म्हणजे आभाळ थोडकं, रान फार.
डावीकडून उसाचा फड तिरका आत येतो;
तुऱ्यांचा रंग राखेत चिमूटभर जांभळा कालवल्यासारखा.
उजवीकडं गुऱ्हाळ. धूर सरळ उभा,
वाऱ्यानं हात लावलेला नाही.
मधे नदी.
ती काढलेलीच नाही.

तिथं नुसता कोरा कागद आहे.

मला ठाऊक आहे, कारण त्या पहाटे
पितळी तांब्या धरून मी शेजारी उभा होतो,
सातवी ब, कानटोपी, नाक गळतंय.
पाणी कृष्णेचंच, बोटं बधिर करणारं.
सर ब्रश बुडवत, झटकत, थांबत.
मी म्हणालो, सर, धुकं राहिलं की.
"पांढरा लावत नसत्यात रं, सोडत असत्यात,"
म्हणाले, आणि मफलर कानावर ओढून
बराच वेळ नुसते बघत बसले.

पुलाच्या कठड्यावर दहिवर होतं.
विजेचा खांब सरांनी गाळला.
फडाच्या कडेच्या कोप्या मात्र ठेवल्या:
तीन तपकिरी ठिपके, आणि मोहरीएवढा एक तांबडा.
तांबडा म्हणजे त्या मुलीचा स्वेटर,
माझ्याच वयाची, बैलांना वाढं टाकत होती.
नाव विचारायचं राहिलं.
अख्ख्या चित्रात ऊब तेवढीच.
नजर कुठूनही निघू दे, तिथंच येऊन टेकते.

महापुरात संस्थेत पाणी शिरलं,
लेजरं, खुर्च्या, तिजोरी, सगळं गेलं बुडून.
चित्र उंचावर होतं, तरी खालून चार बोटं भिजलं.
मातीच्या रंगावर मातीचाच डाग चढला,
वाकडातिकडा, कडेला दाट,
सरांना असला वॉश जमला नसता.
मॅनेजर म्हणतात, काढू या आता हे,
स्वित्झर्लंडचं आणू छानसं.
रोखपाल पद्मावती चौगुले मान वर न करता म्हणतात,
असू दे, कुणाला काय मागतंय ते?

मी उठून काचेजवळ जातो.
तांबडा ठिपका धड आहे.
डाग त्याच्या अलीकडं, बोटभर अंतरावर थांबलाय.
माझ्या तांब्यातलं पाणी
बघायला आलं असेल, कुठं सांडलो होतो म्हणून.

"एकोणतीस!"
टोकन सरकवतो.
"हात किती गार हो तुमचे," पद्मावतीबाई म्हणतात.