तीस सेकंद

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे, तळघरात माझं दुकान.
एतेरीबाई कॉम्प्युटर घेऊन आल्या नातवाच्या बाबागाडीतून,
वर लोकरीची शाल, टाचण्यांनी अडकवलेली.
"लाशाने आतून पुसून काढला," म्हणाल्या,
"तेव्हापासून बोलत नाही."

बोलत होता की.
काळ्या पडद्यावर तेच ते:
असं उपकरण सापडत नाही,
आणि छत्तीस खुणांचा एक लांबलचक पत्ता,
गल्ली नाही, गाव नाही.
खाली लुकलुकणारी रेघ,
उंबऱ्याशी पाय अडलेल्या माणसासारखी.

मी टाइप करून विचारलं, घरात कोण कोण आहे?
दोन डिस्कनी हजेरी दिली.
दोन्ही धडधाकट. एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स,
दोघींना आपापलं सगळं पाठ,
फक्त सुरुवात कुठून करायची ते सोडून.

डबा उघडला.
तिसरीच्या जागी चार स्क्रूंची भोकं
आणि कुणालाच न जोडलेली एक केबल.

"ती होय? चाळीस जीबीची.
लाशा म्हणाला, एवढ्याशीचा काय उपयोग?"
पर्समधून काढली त्यांनी,
पुरुषी पायमोज्यात गुंडाळलेली.

राखणदार पहिल्या डिस्कवर,
किल्ल्यांचा जुडगा तिसरीवर.
असं कोण ठेवतं, बाई?
"गुराम ठेवायचा.
नदीचं पाणी मोजायचा तो. ऑफिस बंद पडलं,
तरी रोज सकाळी पट्टी घेऊन रिओनीवर."

केबल लावली.
दाताखाली खडा यावा तशी डिस्क कटकटली, थांबली,
पुन्हा कटकटली.
मग पडद्यावर जॉर्जियन अक्षरांत तीन ओळी:
नदी
जुनं रशियन
एतेरी, इथं दाब

आणि कोपऱ्यात आकडा. तीस. एकोणतीस.
"एवढा वेळ कशाला ठेवलाय?" मी पुटपुटलो.
"माझा चष्मा स्वयंपाकघरात असतो," त्या म्हणाल्या.

ही डिस्क आठवडाभराची सोबतीण, फार तर दोन.
रात्री बसून जुडगा दुसरीवर हलवला,
पहिलीच्या राखणदाराला नवा पत्ता शिकवला,
आणि हाताच्या सवयीने लिहून गेलो: पाच सेकंद.
खोडलं.
'दाब'मध्ये एक अक्षर चुकलं होतं त्याचं.
ते तसंच उतरवलं.

शुक्रवारी त्यांच्यासमोर कॉम्प्युटर सुरू केला.
तीस. एकोणतीस.
सतरावर त्यांनी पर्स चाचपली,
चष्मा नव्हता.
बाराला मी विचारलं, दाबू का मी?
त्यांनी माझा हात धरून ठेवला.