काजूची मेर

भिरोंड्याच्या डोंगरावर साखळी ओढायचं काम माझं.
पलीकडचं टोक दामू झोरोच्या हातात.
मधे मोजणीदार, त्याची छत्री,
आणि दोन भाटकार, एकमेकांकडे न बघता उभे.

मेर कुठून जाते?
एक म्हणतो, त्या दगडाकडून.
दुसरा म्हणतो, दगड सरकवलाय.
साखळी गेली सरळ, एका काजूच्या पोटातून.
म्हणजे आता पूर्वेचे बोंडू खानोळकारांचे,
पश्चिमेचे लुर्दीन बाबाचे
आणि बुंधा कोर्टाचा.

त्याच झाडाखाली पेजेचा डबा उघडला
तेव्हा मुलीचं पुस्तक आठवलं.
रात्री मोठ्यानं वाचत होती:
दोन राजांनी समुद्रावर रेघ ओढली,
बेटांपासून पश्चिमेला तीनशे सत्तर लीग,
या अंगाचं तुझं, त्या अंगाचं माझं.
मी विचारलं, साखळी कोणी धरलेली?
पुस्तकात नाही, म्हणाली.
मग खुंटी कशात मारली, पाण्यात?
परीक्षेला येत नाही, बाबा.

रेघेच्या अलीकडे निघालं ब्राझील.
तिथली माणसं याच झाडाला
जवळपास याच नावानं हाक मारत.
दर हंगामाला एक बी बाजूला ठेवत,
आणि तेवढंच आपलं वय.

मग फ्रेंच आले रंगाच्या लाकडासाठी,
वलंदेज आले साखरेसाठी.
रेघ त्यांना कोणी विचारून ओढली नव्हती.
तेच वलंदेज इथेही आले,
आग्वादसमोर नांगर टाकून बसले
मांडवीचं तोंड दाबून.
बी मात्र फिरंग्याच्या गलबतातून आधीच उतरलेली,
डोंगर चढून गेलेली.

बिया मोजणारे किती उरले
ते मुलीच्या पुस्तकात शोधायचं राहिलं.

उन्हं कलल्यावर बायजा आली,
खिळ्याची काठी घेऊन.
मेरेच्या या बाजूचे, त्या बाजूचे,
टोचून टोचून बोंडू पाटीत टाकत गेली.
कुणाचे गे ते? दोन्ही भाटकार एकदमच ओरडले,
दिवसभरात पहिल्यांदा एका सुरात.
तिनं मान वळवली नाही.
पडलेले, म्हणाली.

साखळी गुंडाळताना एक बी मीही उचलली,
बोंडूसकट, सदऱ्याच्या खिशात.
मला त्रेपन्न लागलं या चैत्रात.
घरी येईपर्यंत रस झिरपून
छातीवर वाकडातिकडा डाग,
कडा नसलेला.
बायकोनं साबण लावला, घासला, उन्हाकडे धरून बघितला.
हा आता सदऱ्याबरोबरच जायचा, म्हणाली.