त्रेचाळीस नंबर

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी
सडबरीच्या फिनिश हॉलच्या तळघरात
आम्ही सोळा-सतरा जण जमतो.
दाराशी बुटांवरचं बर्फ वितळत असतं,
वेलदोड्याच्या पावाचा वास,
आणि टेबलांवर, प्लास्टिकच्या कोशांत,
मिसरूड न फुटलेले हॉकीवाले
ज्यांचे गुडघे आता कुठल्या कुठल्या दफनभूमीत
निवांत पडलेत.

इथे पैसे काढणं वाईट दिसतं.
कार्डाला कार्ड.
फार तर वर एखादं, कोपरा मुडपलेलं.
"कड बघ याची, पात्यासारखी."
"कड राहू दे, छपाई मधोमध आहे का?"

मी तीस वर्षं शाळेची बस चालवली,
माणूस आरशातून ओळखते.
जे कार्ड खरं हवंय
त्याच्याकडे कोणी बघत नाही,
शेजारच्याकडे बघतो.

ओव्हिला गेर्तँ तेवढा सरळ येतो.
वय शहाऐंशी, टोपी काखेत.
"त्रेचाळीस नंबर आहे?"
एवढं ऐकलं की टेबलाटेबलावर भाव चढतो.

त्रेचाळीस नंबर म्हणजे तो स्वतः.
सत्तावन्न सालचा, डाव्या बाजूला खेळणारा,
अकरा सामने, एक गोल,
च्युइंगगमच्या पाकिटात फुकट आलेला.
पण छापखान्यात काहीतरी फिसकटलं:
नाव ओव्हिलाचं
आणि चेहरा स्तेफान हाव्रिशचा,
जो त्याच्या शेजारच्या बाकावर बूट बांधायचा,
ज्याचं कार्ड पुढच्या वर्षी निघायचं होतं.

पुढच्या वर्षी स्तेफान खाणीत होता.
मग खाणीतही नव्हता.

ओव्हिला काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.
चांगली चांगली देऊन त्रेचाळीस घेतो,
घरी नेऊन शाईच्या पेनाने
आपलं नाव खोडतो, वर स्तेफानचं लिहितो,
आणि टिमिन्सला पाठवतो, स्तेफानच्या बहिणीला.
एकोणचाळीस झालीत.
छापील कार्डावर पेन!
लाइलच्या तर खरोखर पोटात कळ येते.
गंमत अशी की तो जितकी खोडतो
तितकी उरलेली महागतात.
आयुष्यात कोणी केला नाही तेवढा भाव
म्हातारा स्वतःच्या हाताने वाढवतोय.

माझ्याकडे एक होतं.
चारही कोपरे शाबूत, मागे अजून
गमची गुलाबी पूड.
सात फेब्रुवारी "नाही रे" म्हणत
डब्याच्या तळाशी ठेवलेलं.
त्याच्यामुळे माझा संच पुरा होता,
बासष्टपैकी बासष्ट.
खोटं बोलायची सवय नाही मला,
पण पुऱ्या संचाची म्हणून एक झोप असते.

या वेळी त्याने विचारलंच नाही.
बसला. पाव कॉफीत बुडवला.
म्हणाला, "पराशाला आता दिसत नाही.
कार्डावरून बोट फिरवते.
मी लिहिलेलं लागतं म्हणे बोटाला, किंचित."

मी डबा उघडला.
"बदल्यात काय?"
फुकट त्याने घेतलं नसतं.
आणि मीही दिलं नसतं, खरं सांगायचं तर.

त्याने पाकिटातून फोटो काढला,
लग्नातला, कार्डाच्या मापाने कापलेला.
खांद्याशी कुणाच्या तरी पांढऱ्या जाळीचा तुकडा.
तरणा ओव्हिला, समोरचा एक दात नाही,
आणि मागे पेन्सिलने: ४३.

लाइल म्हणाला, आयली, वेड लागलंय तुला.
कड वाकडी, कंपनीचं नाव नाही,
याला कोण विचारणार?

कोणी नाही.
कात्री जरा तिरकी गेलीय,
फोटो कोशात नीट बसत नाही,
सारखा वर येतो.
मी बोटाने आत ढकलते.