मोड

सेलूला त्या वर्षी मोड मिळेनाशी झाली.
कलदार नाही, हाली नाही,
तांब्याचा पैसा कुठं दडला कुणी सांगेना.
रुपया मुठीत घेऊन माणूस दिवसभर फिरे
आणि दिवेलागणीला उपाशीच घरी येई,
रुपयासकट.

मग जिनवाले हस्तीमलजी आमच्या भट्टीपाशी आले,
चार हजार चकत्या सांगून गेले:
एका अंगाला कापसाचं बोंड,
दुसऱ्या अंगाला पेढीचं नाव, आणि खाली
‘दुकानी आणल्यास एक पैसा मिळेल.’

बापाला अक्षर येत नव्हतं.
मास्तरांनी कागदावर लिहून दिलं.
बापानं तो तेलात भिजवला, दिव्यासमोर उलटा धरला
आणि पोलादावर कोरला तसाच,
उजवीकडून डावीकडं.
शाळा म्हणाल तर तेवढीच.
पुढं जन्मभर त्याला वाचता आलं ते उलटं.
न्हाव्याच्या आरशात समोरची पाटी दिसली
की वस्तरा थांबवून मोठ्यानं वाचायचा.
स्वतः पाडलेली चकती मात्र
त्याला कधीच वाचता आली नाही.

चकती निघाली ती निघाली.
सरकी निवडणाऱ्या बायांच्या कनवटीला,
तिथून जैनबीच्या फुटाण्यांना,
पानवाल्याकडं, टांग्याच्या गादीखाली,
मारुतीच्या ताटात, दर्ग्याच्या पेटीत.
देवानंही घेतली.
देव काय, दुकानी थोडाच जाणार होता.

एका सकाळी जिनाचा भोंगा वाजला नाही.
हस्तीमलजी रात्रीच्या गाडीनं गेले
मनमाडच्या बाजूला, म्हणे.
कुलपाला हात लावून पाहिला लोकांनी.
मग सगळ्या बाया आमच्या दारात.
पुढं जैनबी, पदराची गाठ सोडत:
‘ठसा तुझाच ना रे, धोंडूसा?
मग आता तूच बघ.’

बापानं तराजू काढला नाही.
दोन चकत्यांना पातेल्याची कल्हई,
पाचांना घागरीचं बूड,
एकीला लोट्याचा पोचा.
सहा वर्षं हेच.
आलेली चकती वितळवून
तिचंच ठिगळ तिच्याच घागरीला.
मोडीला आलेली मोड.

आई भांडायची: ‘तुमचं नाव होतं का त्यावर?’
बाप भाता दाबत म्हणायचा,
‘कुणाचं होतं, मला कुठं वाचता येतं?’

भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, पाचापाचाच्या.
मोजल्या तर चार हजारांना बरंच कमी.
उरलेल्या दुधनेत गेल्या असतील,
लेकरांनी गिळल्या असतील,
कुणाच्या गाठीत असतील.
बाप गेला तेव्हा भट्टीचं दार
उघडंच ठेवायचं म्हणत होता.

ठसा माझ्याकडं आहे.
परवा नातीनं हट्ट केला म्हणून
कणकेच्या गोळ्यावर दाबला.
सुलटं उमटलं सगळं, काना-मात्रेसकट.
बोट फिरवत तिनं वाचलं,
दुकानी… आणल्यास…
‘कुठल्या दुकानी, आजी?’

मी गोळा परत मळून घेतला.