बोटभर खिडकी

चेर्निहिव, सातवा मजला. वीज गेली ती परवाच.
सार्डिनच्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी,
वर वितळलेलं मेण; दोन विटांवर उपडी कुंडी,
गेल्या साली वाळलेल्या जिरेनियमची.

“खिडकी लाव की,” ओव्हरकोटातून ओरेस्त.
“राहू दे. बोटभर.”
स्तेफानियानं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं.
रंग नाही, वास नाही, जीव घेतो: ओळखा.
हा प्रश्न हमखास असायचा.

पडदे बांधलेले. डब्याचं झाकण हाताशी;
पेटल्या मेणाला पाणी चालत नाही.
मांजर जवळ येतं, मिशा सांभाळून परततं.

निजायच्या आधी ज्योत झाकते ती.
कुंडी अजून कोमट. शालीत गुंडाळून
त्याच्या पायांशी सरकवते.
मग अंधार. फटीतून बर्फाचा वास.

याला निदान वास तरी आहे.