एक शेपूट मासा

ताइनानचं इस्पितळ, तिसरा मजला, सकाळचे सव्वाआठ.
मुलाचं वय पाच वर्षं दोन महिने.
माझं वय वहीत मोजतात :
दोनशे अकरा तास भरलेत, जवळपास तेवढेच बाकी.
एकतर्फी काचेमागे औयांग बाई,
त्यांचा थर्मास,
आणि त्यांचं पेन, जे मला दिसत नाही
पण ऐकू येतं.

आमच्या भाषेत नुसतं 'एक मासा' म्हणून भागत नाही.
आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये
एक छोटा शब्द बसलेला असतो,
दारात स्टूल टाकून बसलेल्या म्हाताऱ्या चुलतीसारखा :
कोण तू? लांबट की पसरट?
मुठीत धरायची वस्तू, की पाय असलेली?
सांग, मग आत ये.

कागद पसरतो, म्हणून त्याला 'जांग'.
छत्री मुठीत येते, तिला 'बा'.
नदी, रस्ता, विजार, मासा,
जे जे लांब आणि लवचिक, त्याला 'थ्याओ'.
आणि काहीच आठवलं नाही तर 'ग'.
'ग' कुठल्याही कुलपाला लागतो
पण कुठलंच कुलूप नीट उघडत नाही.

शाओ-छीकडे फक्त 'ग' आहे.
मी चित्र उचलते. कागद?
एक ग.
छत्री?
एक ग.
कुत्रा? तो खिडकीकडे बघतो. एक ग.
मी शून्य लिहिते, शून्य, शून्य.
माझी शून्यं फार सुबक येतात.

मग मासा.
तो थांबतो. चित्रावर बोट ठेवतो,
डोक्यावर नाही, शेपटीवर.
म्हणतो, एक वेइ.

उत्तरपत्रिकेत लिहिलंय : थ्याओ.
मी शून्य काढते.
पेन्सिल गोल फिरली की काय होतं
हे त्याला एव्हाना कळलंय.
तो हात मांडीखाली घालून बसतो.

बाहेर बाकावर आजोबा, पायात रबरी बूट,
बर्फाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास.
हसून म्हणतात, मोठा कोंबडा उशिरा आरवतो, बाई.
याचं नम्र उत्तर आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवलंय.
ते मला तेव्हा आठवत नाही.

दुपारी औयांग बाई ध्वनिमुद्रण लावतात.
एकदा. पुन्हा एकदा.
"हा पहाटे कुठे असतो?"
मला माहीत नाही.
घरची भाषा, या चौकटीत मी मँडरिन लिहिलं होतं,
कारण आईने तेच सांगितलं होतं,
घाईत, आणि जरा मान ताठ करून.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार. मासळीबाजार.
पिवळ्या बल्बाखाली उपडं घातलेलं खोकं, त्यावर तो.
आजोबा फेकतात, तो मोजतो :
एक शेपूट, दोन शेपूट, तीन शेपूट,
आजोबांच्या होक्कियनमधलं 'ब्वे'
त्याच्या तोंडी 'वेइ' होऊन, अकरा, बारा,
एकदाही न अडखळता.
इथे माशाची लांबी कुणी बघत नाही.
शेपटीला धरून उचलतात, म्हणून शेपटीनेच मोजतात.

मला हायसं वाटलं, आणि ते फार वेळ टिकलं नाही.
गिऱ्हाइकाने विचारलं, आजोबा कुठे गेले रे?
तो म्हणाला, आजोबा... बर्फ... आजोबा बर्फ.
गेले की जाणार, आणायला की टाकायला,
क्रियापद कुठेच नव्हतं.
गिऱ्हाईक वाट न बघता निघून गेलं.
त्याने तोंड उघडंच ठेवलं थोडा वेळ,
शब्द मागाहून आला तर असावी जागा, म्हणून.

म्हणजे अडचण खरी आहे.
फक्त मी ती जिथे दाखवली
तिथे ती नव्हती.

नोंदीत खाडाखोड चालत नाही, रबर तर नाहीच.
चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही, तारीख.
मी त्या शून्यातून रेघ ओढली.
हात थोडा हलला,
रेघ उजवीकडून बाहेर आली, टोकाला फाटली.
औयांग बाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत,
थर्मासच्या झाकणात अर्धा चहा ओतून
माझ्यापुढे सरकवला.

गुरुवारी पुन्हा सव्वाआठ.
छत्री अजून बाकी आहे.