वाक्यात उपयोग करा

विश्रामबागेत, जिन्याखालच्या खोलीत
मगदूम सरांचा क्लास.
वहीत उतरवून घेतलं : फ्लेक्सिबल म्हणजे लवचिक.
खाली रेघ. वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं, रबर लवचिक असते.
सर म्हणाले, रबराला नोकरी हवीय का?
वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

मिरजेला आमच्या बुरूड गल्लीत
हा शब्द आधीच येऊन राहिला होता, अर्धाच :
फ्लेक्स.
कोपऱ्यावर वाढदिवसाचे, गॉगल घातलेले,
खाली शुभेच्छुक दाटीवाटीनं.
वाढदिवस उलटला की आई रात्री
आकडीची काठी घेऊन निघायची.
मग पावसाळाभर आमच्या बांबूंवर
कुणा भावी नगरसेवकाचा अर्धा चेहरा,
दुमडाल तसा दुमडणारा.
मिशी घडीत गेलेली.

कुपवाडच्या कंपनीत बिरनाळे मॅडमनी विचारलं,
टायमिंगला फ्लेक्सिबल आहात ना?
म्हणजे नाईट. म्हणजे रविवार.
म्हणजे सुटायचं कधी ते विचारायचं नाही.
त्या 'ना'तच उत्तर होतं.
पाठ केलेलं म्हणून टाकलं :
येस मॅडम, आय ॲम व्हेरी...
पुढचं ऐकायच्या आत त्यांनी टिक केली.

घरी आई कांबी काढत बसलेली.
सगळं सांगितलं. कोयता थांबला नाही.
"वाकतंय का एवढंच इचारलं?
कवा तोडला, किती भिजवला, ते न्हाई?
ही बघ पाठ, हे पोट.
पाठ भायेर ठिवली तर वळती गुमान.
उलटी वळवलीस तर तडकती,
आन् तडकताना बोटात शिरती."
अंगठा तिनं दाखवला नाही.
मला तो बघायची गरज नव्हती.

मग बऱ्याच वेळानं, सुपाचा काठ बांधता बांधता :
"आन् सोडल्यावर परत सरळ हुतंय का,
का वाकलं ते वाकलंच?
दोन्हीला एकच शबुद हाय व्हय तुमच्यात?"
डिक्शनरी काढली. फ्लेक्सिबल, इलॅस्टिक, प्लायेबल,
तिन्हींपुढं लवचिक.

पहिल्या दिवशी सही करायच्या आधी
मी मॅडमना विचारलं, मराठीतच,
रात्री साडेअकराला सुटल्यावर
मिरजेला जायला गाडी कुठली?
त्यांनी चष्मा काढला. पुसला.
खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, बघू काहीतरी.

पेन मी अजून उघडलेलं नव्हतं.